तीन महिन्यांचा दादा



ज्या शिक्षिकेच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला भरते, त्यांनी एकाच गावातल्या एकाच शाळेत उभं आयुष्य काढलं. त्यांच्या नावाच्या व्याख्यानाला ‘परदेशी एकट्याने जाऊन मुलांमध्ये सेवा’ हा विषय घेतला, याचं काहींना नवल वाटलं असेल. पण मुलाजवळ कोण राहतं आणि किती दिवस राहतं, हाच या विषयाचा गाभा आहे. तो प्रश्न बाईंना परका नव्हता.

२००४ सालच्या नोव्हेंबरात कॉनर ग्रेनन नावाचा एकोणतीस वर्षांचा अमेरिकन तरुण काठमांडूला उतरला. आठ वर्षं प्राग आणि ब्रसेल्समध्ये नोकरी करून त्याने पैसे साठवले होते. आता वर्षभर जगाला चक्कर मारायची, असा बेत होता. नुसतंच भटकायला निघालो म्हणणं बरं दिसत नाही, म्हणून आधी काही महिने नेपाळमधल्या एखाद्या अनाथालयात काम करावं, असं त्याने ठरवलं. पुढे लिहिलेल्या ‘लिटल प्रिन्सेस’ या पुस्तकात हे त्याने मोकळेपणी सांगितलं आहे. मुलांमध्ये काम करण्याचा त्याला अनुभव नव्हता, नेपाळीचा गंध नव्हता. काठमांडू खोऱ्याच्या दक्षिण टोकाला गोदावरी नावाचं गाव आहे. तिथल्या एका घराचं फाटक उघडून तो आत गेला आणि मुलांनी त्याला गराडाच घातला. कुणी हाताला लोंबकळलं, कुणी पाठीवर चढलं. घरात अठरा मुलं होती. पहिल्या दिवशीच तो त्यांचा दादा झाला.

असं काम करून परतलेले बहुतेक तरुण हाच अनुभव सांगतात. पाच मिनिटांत मुलांनी आपलंसं केलं, सोडेचनात, निघताना रडायला लागली. सांगताना त्यांचाही गळा दाटून येतो आणि त्यात खोटं काही नसतं.

पण आपल्या घरातलं दोन-अडीच वर्षांचं मूल डोळ्यांसमोर आणू या. दारात अनोळखी पाहुणा उभा राहिला की ते आईच्या पदराआड जातं. पदराच्या कडेने एक डोळा बाहेर काढून बघतं. पाहुण्याने लाडू पुढे केला तर आधी आईच्या तोंडाकडे पाहतं, तिने मान हलवली की मगच हात पुढे करतं. या बुजरेपणाचा अर्थ एवढाच, की त्या मुलाला आपलं माणूस कोण हे पक्कं ठाऊक आहे. संस्थेत वाढलेली अनेक मुलं मात्र कुणाच्याही कडेवर झेप घेतात. बालमानसशास्त्रात याची नोंद फार पूर्वीपासून आहे. आपलं माणूस ठरवायची संधीच ज्या मुलाला मिळालेली नसते, ते प्रत्येक येणाऱ्याला चाचपून बघतं.

जॉन बोल्बी या ब्रिटिश मनोविकारतज्ज्ञाने जागतिक आरोग्य संघटनेसाठी १९५१ मध्ये एक अहवाल लिहिला. महायुद्धाने उघड्यावर पडलेल्या मुलांची पाहणी हा त्याचा पाया होता. अन्न, वस्त्र आणि स्वच्छ खाट यांच्या बरोबरीने मुलाला एक कायमचं माणूस लागतं, हे त्यात मांडलेलं आहे. त्यांचे सहकारी जेम्स रॉबर्टसन आणि त्यांच्या पत्नी जॉइस यांनी तीच गोष्ट चित्रपटांतून दाखवली. १९६९ सालच्या एका चित्रपटात जॉन नावाचा सतरा महिन्यांचा मुलगा आहे. आई बाळंतपणाला गेली म्हणून त्याला नऊ दिवस एका पाळणाघरवजा संस्थेत ठेवलं जातं. तिथल्या तरुण परिचारिका वाईट नाहीत. हसऱ्या आहेत, प्रेमळ आहेत. पण त्यांच्या पाळ्या बदलत राहतात आणि ठरावीक मूल ठरावीक बाईकडे, अशी तिथे पद्धत नाही. जॉन आधी एकीजवळ जातो. ती दिसेनाशी झाली की दुसरीजवळ. तिच्या मांडीवर चढू पाहतो तर तिथे दुसरं मूल आधीच बसलेलं असतं. शेवटी तो एका भल्यामोठ्या टेडी अस्वलावर अंग टाकतो आणि रडत राहतो. जेवण नाकारतो. नवव्या दिवशी आई न्यायला येते, तेव्हा तो तिच्याकडे बघायलाही तयार नसतो.

फक्त नऊ दिवस. आणि जॉनला आई होती, घर होतं.

आता दर दोन-तीन महिन्यांनी नवा दादा, नवी दिदी येणाऱ्या घरातल्या मुलाचं काय होत असेल? दक्षिण आफ्रिकेतल्या अशा संस्थांबद्दल लिंडा रिक्टर आणि एमी नॉर्मन यांनी २०१० मध्ये एक निबंध लिहिला. एड्सने पोरक्या झालेल्या मुलांना भेटायला येणाऱ्या परदेशी स्वयंसेवकांचा ओघ त्या लहानग्यांना जोडण्या-तोडण्याच्या चक्रात अडकवतो, असं त्यांचं म्हणणं होतं. स्वयंसेवक आपल्या घरी जातो. पोटात कालवाकालव त्याच्याही होते, पण वाट बघणारी माणसं त्याला आहेत. मूल तिथेच राहतं आणि पुढच्या माणसासाठी पुन्हा फाटकाकडे धावतं.

कायमचं माणूस नसल्याच्या परिणामाचं मोजमापही झालेलं आहे. चाउशेस्कूच्या राजवटीत रोमानियाने १९६६ पासून गर्भपातावर बंदी घातली. न पोसता येणारी मुलं सरकारी संस्थांत आली. १९८९ मध्ये राजवट कोसळली तेव्हा अशा संस्थांत लाखाहून जास्त मुलं होती. दूरचित्रवाणीवर ती दृश्यं पाहून पश्चिम युरोपातून कितीतरी माणसं मदत घेऊन धावली आणि त्यांनी केलेल्या कामाचं मोल मोठं आहे. पण पुढे काय करावं याचं उत्तर २००० साली बुखारेस्टमध्ये सुरू झालेल्या एका संशोधनाने दिलं. चार्ल्स नेल्सन, नेथन फॉक्स आणि चार्ल्स झीना यांनी संस्थेतली १३६ तान्ही व लहान मुलं निवडली. चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट केले. एका गटाला त्याच शहरात पालककुटुंबं मिळवून दिली. साडेचार वर्षांच्या वयात संस्थेत राहिलेल्यांचा सरासरी बुद्ध्यांक ७३ भरला, कुटुंबात गेलेल्यांचा ८१. दोन वर्षांच्या आत ज्यांना घर मिळालं त्यांची प्रगती सर्वांत चांगली झाली. घराला पर्याय म्हणून चांगली इमारत, चांगली खेळणी आणि येणारे-जाणारे प्रेमळ पाहुणे पुरत नाहीत.

इथपर्यंतचं कुणालाही पटावं. पुढची गोष्ट पचायला जड आहे. या घरांमधली बरीचशी मुलं अनाथ नसतातच.

कंबोडियाचं उदाहरण घ्या. २००५ साली तिथे १५४ अनाथाश्रम होते, २०१० मध्ये २६९ झाले. यादवी संपून एव्हाना बरीच वर्षं उलटली होती. वाढत होती ती अंकोरवाट पाहायला येणाऱ्या पर्यटकांची संख्या. या २६९ पैकी सरकारी पैशावर चालणारे २१ होते, बाकीचे मुख्यतः परदेशी देणग्यांवर. मुलांपैकी चारांतल्या तिघांची आई किंवा वडील जिवंत होते. देणगीदाराला मूल दिसायला हवं असतं, म्हणून मूल आणलं जातं. गरीब आईबापांना सांगितलं जातं की तिथे इंग्रजी शिकवतात, तीन वेळा खायला घालतात. कोणती आई नाही म्हणेल? २०११ मध्ये फ्रेंड्स-इंटरनॅशनल या संस्थेने तिथे एक मोहीम काढली. तिच्या भित्तिपत्रकात संग्रहालयातल्या काचेच्या पेटीत मुलं उभी आहेत आणि बाहेर पर्यटक त्यांचे फोटो काढताहेत. मुलं ही प्रेक्षणीय स्थळं नव्हेत, एवढाच त्यावरचा संदेश.

नेपाळात बालगृहं कुठे आहेत ते नकाशावर बघावं. बहुतेक सगळी काठमांडू, ललितपूर, भक्तपूर, कास्की आणि चितवन या मोजक्या जिल्ह्यांत. कास्की म्हणजे पोखरा, चितवन म्हणजे गेंड्यांचं राष्ट्रीय उद्यान. जिथे परदेशी पाहुणा उतरतो तिथेच अनाथ मुलं सापडतात आणि जिथून ही मुलं येतात ती गावं मात्र हुमल्यासारख्या दूरच्या डोंगरी जिल्ह्यांत, पायवाटांवर. युनिसेफच्या म्हणण्यानुसार नेपाळच्या अनाथालयांतल्या सुमारे ८५ टक्के मुलांचे आईवडील, निदान एक तरी, हयात आहेत. २०१५ च्या एप्रिलमध्ये भूकंप झाला तेव्हा सरकारने पालकांशिवाय किंवा परवानगीशिवाय मुलांना जिल्ह्याबाहेर नेण्यावर निर्बंध घातले आणि नवी बालगृहं नोंदवणं थांबवलं. ढिगारे उपसत असतानाच हा हुकूम काढावा लागला, यावरून दलाल किती तयारीत होते ते ध्यानात येतं.

या व्यवहाराची कागदपत्रं तयार करणारी एक व्यवस्थाच उभी राहिली. बाप जिवंत असताना त्याच्या मृत्यूचा दाखला, खोटं गाव, बदललेलं आडनाव. केट व्हॅन डूर या ऑस्ट्रेलियन कायदेतज्ज्ञ बाईंनी यासाठी ‘कागदी अनाथ’ हा शब्द रूढ केला. नेपाळमध्ये त्यांनी स्वतः सहकाऱ्यांसह चांगल्या हेतूने मुलींचं घर उभं केलं होतं. काही वर्षांनी मुलींनीच सांगितलं की आम्हाला घरं आहेत, आईबाप आहेत. त्यानंतर त्या याच विषयाच्या अभ्यासक झाल्या. मुलांना अनाथाश्रमात आणून त्यांच्यावर पैसा कमावणं हा आधुनिक गुलामगिरीचा प्रकार आहे, ही गोष्ट ऑस्ट्रेलियाच्या संसदेने २०१८ चा कायदा करताना मान्य केली.

केट यांना जे मुलींकडून कळलं, ते टॅरा विंकलर या तरुणीला कंबोडियात असंच मुलांकडून कळलं. पाठीवर पिशवी टाकून फिरायला आलेली ही ऑस्ट्रेलियन मुलगी २००७ मध्ये बत्तंबांगला परतली. एका छळछावणीसारख्या अनाथाश्रमातून तिने चौदा मुलं सोडवली आणि त्यांच्यासाठी स्वतः घर उघडलं. ती राहिली. मुलांची ख्मेर भाषा शिकली. आणि ती भाषा कानाला कळायला लागल्यावर मुलं बोलती झाली: आम्हाला आई आहे, गावी आजी आहे. जगासमोर बोलताना तिने हे लपवलं नाही. आपण ज्यांना अनाथ समजत होतो ती अनाथ नव्हती, हे तिने जाहीरपणे सांगितलं. कंबोडियन सहकाऱ्यांबरोबर तिने संस्थेचं काम पालटलं. घर चालवण्याऐवजी मुलांना आपापल्या कुटुंबात ठेवायचं आणि त्या कुटुंबाला हात द्यायचा, अशी दिशा घेतली.

एकट्याने परदेशी जाणाऱ्याच्या सेवेचं मोल ठरवायला याहून चांगली कसोटी दिसत नाही. तुम्ही मुलाची भाषा शिकण्याइतके दिवस राहणार आहात का? तीन आठवड्यांत ‘हॅलो, तुझं नाव काय, कितवीत आहेस’ यापलीकडे जाता येत नाही. आणि मूल इंग्रजीत जेवढं पाठ करून सांगतं, तेवढंच आपल्याला कळतं. ‘तुझी आई कुठे आहे?’ हा प्रश्न त्याच्याच बोलीत, त्याच्या शेजारी बसून, कुणी ऐकत नसताना विचारावा लागतो.

ही कसोटी आपल्याकडच्या माणसांनी फार पूर्वी पार केली आहे. १९४५ मध्ये अनुताई वाघ बोर्डीला ताराबाई मोडकांच्या बालशिक्षणाच्या कामात आल्या. पुढे १९५७ मध्ये ते काम डहाणू तालुक्यातल्या कोसबाडच्या टेकडीवर गेलं. त्या आपल्याच राज्यात होत्या, पण शहरी मध्यमवर्गातून आलेल्या बाईला वारली पाडा हा परदेशच. मुलं शाळेत येईनात, कारण ती गुरं चारायला जात. तेव्हा शाळाच कुरणात नेली आणि तिला कुरणशाळा म्हटलं. पाड्यातल्या अंगणात बालवाडी बसवली, तिचं नाव अंगणवाडी. साहित्य म्हणून शंख, शिंपले, बिया, पानं. मुलांचं जग आधी समजून घेतल्याशिवाय यातली एकही गोष्ट सुचली नसती. १९९२ मध्ये अनुताई गेल्या, तोवर त्यांना या कामात सत्तेचाळीस वर्षं झाली होती.

ताराबाईंनी ज्यांच्या पद्धतीला या मातीचं रूप दिलं, त्या मारिया मॉन्टेसरी १९३९ मध्ये सत्तरीच्या उंबरठ्यावर मद्रासला आल्या. सोबत मुलगा मारिओ होता. मुक्काम काही महिन्यांचाच ठरला होता, पण महायुद्धात इटली शत्रुपक्षाकडून उतरली आणि १९४६ पर्यंत त्यांना इथेच राहावं लागलं. त्या काळात त्यांनी हजाराहून जास्त शिक्षक तयार केले. स्वतः आयुष्यभर मुलांमध्ये रमलेली ही बाई परक्या देशात मुलांकडे थेट धावली नाही. मुलांजवळ जे राहणार होते, त्यांच्याकडे गेली. आज परदेशी जाऊ पाहणाऱ्या कुणाकडे खरोखरचं कौशल्य असेल, वाचादोष दूर करण्याचं, अपंग मुलांच्या व्यायामाचं किंवा वाचन शिकवण्याचं, तर त्याला हा रस्ता मोकळा आहे.

परदेशी मुलं आपल्या दारात आली तेव्हा आपण काय केलं, हेही कोल्हापूरकरांना सांगायला नको. १९४३ ते १९४८ या काळात कोल्हापूरजवळच्या वळिवड्याला सुमारे पाच हजार पोलिश निर्वासितांची छावणी होती, त्यांत स्त्रिया आणि मुलंच जास्त. जागा आणि आसरा इथला होता. शाळा मात्र त्यांची होती, शिक्षक त्यांचे, भाषा त्यांची. पोलिश मुलाला पोलिश माणसाच्या सावलीत वाढू दिलं गेलं.

आता आपल्या मुलामुलींकडे येऊ. पुण्या-मुंबईतलीच नव्हे तर सांगली-नांदेडची पोरंही आज सुट्टीत परदेशी सेवेला जाण्याचा विचार करतात. परदेशी विद्यापीठाच्या अर्जात असं एखादं प्रमाणपत्र उपयोगी पडतं, हेही त्यांना ठाऊक असतं. नेपाळ तर आपल्याला घरच्यासारखंच. इतर देशांच्या नागरिकांना तिथे पर्यटक व्हिसावर विनामोबदला कामही करता येत नाही. भारतीयाला व्हिसाच लागत नाही, सुनौलीच्या नाक्यावरून तो चालत पलीकडे जातो. म्हणून आपली जबाबदारी जास्त.

मुलगी एकटी निघाली की घरात काय होतं हे सगळ्यांनी पाहिलंय. आई बॅग भरता भरता विचारत असते. उतरवून घ्यायला कोण येणार? ते कोण, कुणाच्या ओळखीचे? राहायची सोय कुठे, आणखी कोण असतं तिथे? रात्री फोन लागेल ना? मुलगी वैतागते. पण हे प्रश्न अगदी बरोबर आहेत आणि त्या मुलीने तेच प्रश्न सोबत न्यावेत. फक्त ते तिथल्या मुलाबद्दल विचारावेत. ह्याला इथे कोणी आणलं? कुठून? घरी कोण कोण आहे? आईची आणि याची शेवटची भेट कधी झाली? तिला इथे यायला मुभा आहे का? आणि आणखी एक: माझ्यासारख्या अनोळखी माणसाला, पोलिसांकडची कसलीही चौकशी न करता, तुम्ही मुलांच्या खोलीत कसं सोडता? ज्या घरात या प्रश्नांनी कपाळावर आठी चढते, तिथून त्याच दिवशी बाहेर पडावं आणि स्थानिक बालहक्क यंत्रणेला कळवावं. जिथे उत्तरं मिळतात, तिथेही मुलांना खेळवण्यापेक्षा हिशेब लिहिणं, भाषांतर करणं, कुटुंबांचा पत्ता काढणाऱ्यांना मदत करणं ही कामं मागून घ्यावीत. त्यांचे फोटो निघत नाहीत, पण मुलं घरी जातात ती अशा कामांमुळे.

ग्रेननच्या बाबतीतही हेच झालं. तो तिथे असतानाच एके दिवशी एक बाई त्या गोदावरीच्या घरी आली. तिथल्या दोन भावांची ती आई होती. ज्यांना सगळे अनाथ समजत होते, त्यांची आई समोर उभी होती. हळूहळू उलगडा झाला. १९९६ पासून माओवाद्यांचं युद्ध चाललं होतं. वायव्येला तिबेटच्या सीमेवरच्या हुमला जिल्ह्यात घरटी एक मूल लढाईसाठी मागितलं जाई. एका दलालाने आईबापांना सांगितलं, पैसे द्या, पोराला काठमांडूत शाळेत घालतो. त्यांनी होतं नव्हतं ते विकून पैसे दिले. त्याने मुलं आणली आणि वाऱ्यावर सोडली. याच दलालाच्या तावडीतल्या आणखी सात मुलांना सुरक्षित ठिकाणी हलवायचं ठरलं होतं, पण त्याआधीच ती नाहीशी झाली. ग्रेनन तोवर अमेरिकेत परतला होता. २००६ मध्ये तो पुन्हा नेपाळला आला. त्याने ‘नेक्स्ट जनरेशन नेपाळ’ ही संस्था काढली आणि त्या सात मुलांचा शोध घ्यायला लागला. गोदावरीच्या मुलांची घरं शोधायला तो स्वतः हुमल्याला निघाला.

सिमकोट हे हुमल्याचं ठाणं. तिथून पुढे गाडीरस्ता नव्हता. कर्णालीच्या कडेकपारीतल्या पायवाटा, गुडघा दुखावलेला, थंडी तोंडावर, बरोबर नेपाळी साथीदार आणि पिशवीत मुलांचे फोटो. गावात पोहोचलं की फोटो दाखवायचे आणि विचारायचं, याला ओळखता का? वर्षानुवर्षं मुलाची बातमी नसलेल्या आया तो फोटो हातात घेत. मुलांपैकी एकाच्या कागदपत्रांत आई आणि वडील दोघांच्या मृत्यूचे दाखले होते, शिक्क्यासह. ग्रेननने ते स्वतः पाहिले होते. त्या मुलासाठी तरी शोधायचं कुणी नाही, असं धरून तो चालला होता. हुमल्यात एक माणूस त्याच्याकडे आला आणि त्या मुलाचं नाव घेऊन म्हणाला, मी त्याचा बाप.